चिन्नोराचा वास

मोहाची फुलं पडायला लागली की मी घरात चिन्नोराचा, म्हणजे आमच्याकडच्या सुवासिक तांदळाचा, भात लावत नाही. एरवी वर्षभर चालतो. सणाला, पाहुणा आला की, कधी नुसतं मनात आलं तरीही. पण होळीच्या सुमारास घरामागच्या सांदवाडीतल्या मोहाची पानं गळतात, उघड्या फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुबके लोंबायला लागतात, आणि मी चिन्नोराचा डबा फळीवर मागे सारते. मग मोह संपेपर्यंत जाडा तांदूळ. माझा नवरा प्रभाकर ताटाकडे पाहतो आणि दरवर्षी तेच विचारतो, "घरचा चिन्नोर असून काऊन खाऊन नाई राह्यलो वं आपन?" त्यामागचं कारण त्यालाही माहीत आहे. विचारायचं म्हणून विचारतो. मी त्याच्या भातावर वरण वाढते.

यंदाही फुलं लागली आहेत. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू येतं, टप, मग बराच वेळ काही नाही, मग टप टप. मी मूळची वरोऱ्याची. तिकडे हंगाम म्हणजे कापसाच्या गाड्या आणि सोयाबीनची धूळ. हंगामाला वास असतो आणि तो घरात शिरून उशाशी बसतो, हे मला लग्न होऊन धानोऱ्याकडे आल्यावर कळलं. पहिल्या वर्षी त्या गोड वासानं मला मळमळायचं. दुपारी अंगणात फुलं वाळत असत, ऊन त्यांच्यावर चढे, आणि सगळं गाव थोडं गुंगल्यासारखं हळू बोले. आता सवय झाली आहे. मोहाच्या वासाची सवय होते. त्याच्याखाली दुसरा एक वास असू शकतो, याची मात्र अजून झालेली नाही.

आमचं घर गावाच्या शेवटाला. घरामागं सांदवाडी, म्हणजे भाजीपाल्याचा तुकडा आणि शेळीचा गोठा, मग काट्यांचं कुंपण, कुंपणाला टेकून मोहाचं झाड, आणि पलीकडे लगेच जंगल. झाड आमचं आहे, पण त्याची अर्धी सावली जंगलात पडते. ह्या अर्ध्या सावलीचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे दोन कुत्री होती, राणी आणि शेरू, एकाच वेताची. राणी आगाऊ, शेरू तिच्या मागं मागं. राणी भुंकली की शेरू भुंकायचा, कशावर ते न पाहता. त्या वर्षीच्या मोहात एका संध्याकाळी मी मागच्या अंगणात वाळलेली फुलं सुपात भरत होते. राणी मागच्या दाराच्या पायरीवर पसरली होती. ऊन उतरलं होतं, दिवे लागायचे होते. का कोण जाणे, मला त्या वेळी कडकडून भूक लागली होती. हे मला पक्कं आठवतं, कारण मी राणीला म्हणाले, "चाल, आता तुले बी भात देतो अन् मले बी घेतो." सूप भरून मी वळले तर पायरी रिकामी होती.

भुंकणं नाही, केकाटणं नाही, झटापट नाही. कुंपणाचा काटासुद्धा हलत नव्हता. मी पायरीवर हात ठेवला, दगड कोमट लागला. उन्हानंही असेल. शेरू गोठ्यापाशी उभा होता, मान ताणून, तोंड घट्ट मिटून. तो राणीच्या दिशेनं पाहत नव्हता. तो माझ्याकडे पाहत होता, मी काहीतरी करायला हवं होतं तसा.

दुसऱ्या दिवशी जंगलखात्याचा माणूस आला, मातीवर वाकला, आणि बिबट आहे म्हणाला. त्यात नवल नव्हतं. ह्या भागात कुत्रं गेलं की सगळ्यांना ठाऊक असतं कोणी नेलं. "अंधार पडाच्या आधी कुत्र्याले अंदर घेत जा," एवढं सांगून तो गेला. सांगायची गरजच पडली नाही. त्या दिवसापासून शेरू दिवेलागणीच्या आधी आपला आपण उंबरा ओलांडायचा, धानाच्या कणगीपाशी स्वतःच्या गोणपाटाच्या बारदान्यावर पडायचा आणि सकाळपर्यंत हलायचा नाही. दिवसा भुंके. संध्याकाळी त्याचा आवाज पुन्हा कधी आला नाही.

पावसाळा गेला, धान कापून झालं, थंडी आली. सगळं रुळलं म्हणेपर्यंत मांजर आलं.

शेजारी सगुणाबाई राहते. बोडीतले, म्हणजे लहान तळ्यातले, मासे धरणं हा तिच्या घरचा धंदा. अंगणात जाळी आणि मासे दोन्ही वाळत असतात. गावाबाहेर एक बंद पडलेली राईस मिल आहे, तिथे मांजरांची एक जात वाढते जी माणसाच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. त्यातली एक राखाडी मांजरी, कान फाटलेला, वाळत घातलेल्या जाळ्यातला मासा काढायला आली आणि गुरफटली. सुटायची धडपड करताना मागचा पाय कापला. सगुणाबाईनं शेवटी विळीनं जाळं कापलं आणि मांजरीसकट तो गुंता माझ्या दारात आणून टाकला.

"तुमच्या घरी उंदरं हाय, माह्या घरी मासे हाय. कोनाच्या घरी जाईन मांजर, तूच सांग?"

"सगुणाबाई, ते जंगली हाय. ते कसं राहीन घरात?"

"मी नाई जंगलातून आली? राह्यली ना!" असं म्हणून ती हसली आणि कापलेल्या जाळ्याबद्दल मला पुढे कित्येक दिवस ऐकवत राहिली.

उंदरांचं खरं होतं. वाळलेला मोह ठेवला की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. पण मी मांजर ठेवलं ते त्यासाठी नाही. मुलगी नागपूरला शिकायला गेली होती, राणी गेली होती, आणि घरात कोणीतरी नव्यानं यावं असं मला फार वाटत होतं. तिचं नाव ठेवलं भुरी.

मागच्या खोलीत दार लावून तिला ठेवली. पाय भरत आला, तरी ती कणगीमागून बाहेर येईना. मी दूधभात आत सरकवायची आणि निघून यायची. परत गेलं की ताटली चाटूनपुसून साफ. तिचा आवाज कधी ऐकला नाही. घरची मांजरं दिवसभर माणसाशी बोलत असतात, हे दे, ते उघड, सरक. मिलमधल्या मांजरीला माणसाशी बोलायचं काही कारणच पडलं नव्हतं. कणगीमागच्या काळोखात तिचे दोन डोळे मात्र असत. मी खोलीत कुठंही गेले तरी ते आधीच तिथे वळलेले असत.

घरातल्या बाकी मंडळींपैकी शेळीनं तिला पहिल्याच दिवशी मान्य केलं. खाता येत नाही अशा वस्तूशी शेळीचं काही वैर नसतं. कोंबड्यांनी दारावरून जाता येता शिव्या दिल्या आणि विसरल्या. मला काळजी शेरूची होती, पण त्यानं मला चकित केलं. तो बंद दाराशी नाक लावून बसे, शेपूट जमिनीवर आपटत. त्याचा बारदाना मी तिथेच सरकवला. दाराच्या अलीकडे त्याची ताटली, पलीकडे तिची. रोज दोन्ही थोड्या जवळ. पुढे पुढे दारामागून तिच्या जिभेचा आवाज यायचा आणि शेरू खाणं थांबवून कान टवकारून ऐकायचा. राणी गेल्यापासून त्याच्या बाजूला बसून कोणी जेवलं नव्हतं. मी स्वयंपाकघरातून हे पाहायची आणि मला भरून यायचं.

मग दार उघडायचा दिवस आला. फुलं पडायला नुकती सुरुवात झाली होती.

सगुणाबाईच्या घरी रीत अशी की नवं जनावर, कोंबडी असो की गोऱ्हा, घरात मोकळं सोडायच्या आधी त्याच्या पाठीला, छातीला आणि पायांना चुलीची राख चोळायची. सगळ्यांच्या अंगाला एका चुलीचा वास आला की भांडण राहत नाही. मला ते पटलं. अडचण एकच होती, आमच्याकडे गॅस. मी तिच्याच चुलीतली राख मागितली तर तिनं कपाळाला हात लावला.

"दुसऱ्याची राख लावशीन तं जनावर दुसऱ्याच्या घरी जाईन वं! आपल्या घरची पाह्यजे."

"मंग गॅसची कुठून आनू?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि मोहाकडे बोट दाखवलं. "त्याच्या बुडातली घे. झाड तं घरचंच हाय ना."

फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आम्ही नुकताच जाळला होता. झाडून नेलेली जमीन काळी होती, पण बुंध्याशी, दोन मुळांच्या बेचक्यात, पिठासारखी मऊ राख साठली होती. मी डबाभर घेतली. किंचित ओलसर होती, दव असेल म्हटलं. हाताला वास चांगला येत होता, काहीतरी ओळखीचा, घरातलाच. भुरीला धरणं म्हणजे दिव्यच. प्रभाकरनं पोत्यात गुंडाळून धरली, मी राख चोळली, दोघांच्याही हातांवर तिनं आपली सही केली, आणि आम्ही दार उघडलं.

त्या संध्याकाळी शेरू नेहमीसारखा आला. पुढचा एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवला. नाक वर केलं. आणि तो पाय त्यानं इतका सावकाश मागे घेतला की मला त्याच्या अंगावरचे केस उभे राहताना एकेक दिसले. तो मागं न वळता, पाठमोरा न होता, घराकडे तोंड ठेवूनच पावलापावलानं गोठ्यापर्यंत मागे गेला. घरात त्या क्षणी फक्त मी होते आणि कणगीवर बसलेली भुरी.

त्यानंतर तो आत आला नाही. प्रभाकरनं दोरीनं ओढला तर उंबऱ्यावर मुतला आणि पट्ट्यातून मान काढून पळाला. भाकरी, मटण, लाडीगोडी, रागावणं, सगळं झालं. दिवेलागण झाली की तो सांदवाडीत उभा, नेमका तिथे जिथे राणी गेली त्या दिवशी उभा होता. शेवटी त्याला शेळीसोबत गोठ्यात कोंडायचो. पण गोठा कसला, बांबूच्या ताट्या. बिबट्याच्या एका पंजाचं काम.

"हे पाह्य," प्रभाकर म्हणाला. तो सहसा आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "एक तं मांजर राहीन, नाई तं शेरू. तो असाच बाहेर राह्यला तं राणीसारखा जाईन. मले दुसऱ्यांदा रिकामी पायरी पाह्याची नाई."

"अन् तिले कुठी सोडाचं? मिलमधी? ते लंगडते अजून. पहिल्याच दिवशी जाईन."

"म्हनून म्हनतो, काही तरी कर."

मी मोह संपेपर्यंतची मुदत मागून घेतली. केलं एवढंच की अजून राख लावली. शेरू जितका बिचके तितकी मला वाटे की घरचा वास अजून पुरेसा मुरला नाही. दोन-चार दिवसांनी ताजी राख आणायची, बुंध्याशीच, मऊ असायची म्हणून. आता आठवलं की हातांना काटा येतो.

भुरीही बदलत चालली होती. ती स्वतःला चाटेनाशी झाली. मांजर आणि अंग चाटत नाही, हे पाहायला फार विचित्र वाटतं. खोलीत सगळं शांत असताना ती एकदम वळून आपल्याच पाठीकडे बघायची, कान मागे पाडून, आणि तिथून सुसाट सुटायची. कणगीमागे, कणगीवर, माळ्यावर, जिथे जाईल तिथे ते तिच्या आधी पोचलेलं असायचं. कधी भिंतीच्या कोऱ्या जागेवर नजर लावून सबंध दुपार. प्रभाकर तिला हसायचा, मग हसेनासा झाला. मी त्या खोलीत झाडायला जायचे तेव्हा पाठ भिंतीकडे ठेवून झाडायचे. असं का, ते मला सांगता आलं नसतं. खोलीत चांगलाच तर वास यायचा. दार उघडलं की भूक लागावी असा.

एक दिवस पहाट फुटता फुटता मी टोपली घेऊन झाडाखाली गेले. एका हातात राखेचा डबा होता. फुलं भरपूर पडली होती, पिवळट, मऊ, पायाखाली नको म्हणून मी जपून चालत होते. खाली बसले, वेचायला लागले, आणि मला चिन्नोराच्या भाताचा वास आला. अगदी वाफेसकट, झाकण नुकतंच काढावं तसा. मनात आलं, सगुणाबाईनं आज लवकरच चूल पेटवली. मी मान वर करून तिच्या घराकडे पाहिलं. धूर नव्हता. दार बंद होतं. गावात कुठेच धूर नव्हता.

वाघ-बिबट झाडावर आपल्या हद्दीची खूण म्हणून जो फवारा मारतात, त्याला सुवासिक भातासारखा वास येतो. इथे हे सगळ्यांना माहीत आहे. मोहाला, तेंदूला जाणाऱ्या बायका नव्या सुनेला पहिल्याच दिवशी सांगतात, रानात भात शिजल्याचा वास आला की टोपली तिथेच टाकायची आणि मागं फिरायचं. मलाही सांगितलं होतं. पण ते रानासाठी. घरात भाताचा वास आला तर माणूस भातच समजतो.

समोर बुंधा होता. माझ्या कमरेइतक्या उंचीवर साल ओली होती आणि ओल खाली मुळांच्या बेचक्यात उतरली होती, त्या मऊ राखेत. त्याच्या वर ताजे ओरखडे. माझ्या डब्याला तोच वास होता. माझ्या नखांतही.

आजूबाजूला फुलं पडतच होती. टप. टप. एक आवाज मला टप असा वाटला नाही. मी शेरूसारखीच उठले, पाठमोरी न होता, झाडाकडे तोंड ठेवून, आणि पावलापावलानं मागे आले. टोपली तिथेच राहिली.

सगुणाबाई पायरीवर दात घासत होती. मी सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला.

"अवो, मले तं वाटे तुमच्या घरी रोज चिन्नोर शिजून राह्यला," ती म्हणाली. "म्हनलं, बरं चाललं हाय बाईचं."

"मले वाटे तुमच्याकडं."

मग ती हळूच म्हणाली, "मागच्या साली बी येत होता वं. तुमची राणी गेली तेव्हा. मी घरात म्हनलं बी, वहिनीनं आज मोठा भात लावला."

तेव्हा मला ती भूक आठवली. सूप भरताना लागलेली, कडकडून. मी राणीला भाताबद्दल बोलले होते, कारण भाताचा वास येत होता. तो वाऱ्यावर माझ्यापर्यंत आला होता, माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, आणि तो कुंपणाच्या आत होता. मी पायरीवर बसले. सगुणाबाईनं मला पाणी दिलं आणि त्या दिवशी जाळ्याचा विषय काढला नाही.

म्हणजे आम्ही त्याला उचलून घरात आणलं होतं. मुठीमुठीनं. ज्यानं बहीण नेली त्याचा वास कणगीवर बसून शेरूकडे बघत होता, आणि आम्ही त्याला म्हणत होतो, ये ना, घाबरतोस काय. भुरीचं तर त्याहून वाईट. तिला पळून जायला अंगाबाहेर जागाच नव्हती. मला दोघांच्याही पाया पडावंसं वाटलं.

बेसन आणि कोमट पाण्याच्या फडक्यानं मी तिला पुसली, मग पुन्हा पुसली. आश्चर्य म्हणजे तिनं फारसं ओरबाडलं नाही. पुसून झाल्यावर ती उन्हाच्या पट्ट्यात बसली, पाय लांब केला आणि चाटायला लागली. सबंध दुपार चाटत होती. राखेचा डबा प्रभाकरनं लांब नेऊन पुरला. खोली शेणानं सारवली. शेरूचा बारदाना आत टाकला. भुरी आधी त्याच्याभोवती फिरली, मग एका कडेला अंग चोरून बसली. सगुणाबाई आता राख म्हणायची नाही. "शेरूच्या वासात झोपू दे तिले," म्हणायची.

पण शेरू कुठे येतोय! त्याच्या लेखी घर बिघडलं ते बिघडलं. दिवसा उंबऱ्यापर्यंत यायचा, हुंगायचा, शेपूट थोडं हलायचं. भुरी आत बसून बघायची, तो बाहेर बसून. संध्याकाळ झाली की पुन्हा गोठा. मोह संपत आला होता, झाडाला लाल कोवळी पानं फुटली होती, आणि माझी मुदतही सरत आली होती.

त्या संध्याकाळी मी मागचं दार उघडं ठेवून शेवटची फुलं आत घेत होते. प्रभाकर पुढच्या अंगणात सायकलची चेन बसवत होता. भुरीच्या खाण्याची वेळ झाली होती. आणि तो वास आला. सांदवाडीतून, कुंपणाकडून, गरम, सुवासिक. ह्या वेळी मला भूक लागली नाही.

शेरू त्याच्या जागी उभा होता. तोंड मिटलेलं, मान ताणलेली. त्याचे चारही पाय थरथरत होते आणि एकही उचलत नव्हता. मी हाक मारली, माझाच आवाज मला ऐकू आला नाही. पुन्हा मारली. तो माझ्याकडे पाहत होता, त्या दिवशीसारखाच. मी काहीतरी करायला हवं होतं आणि माझे पायही जमिनीतून निघत नव्हते.

माझ्या पायांना काहीतरी घासून गेलं. भुरी उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. आल्यापासून ती उंबऱ्यावर कधी आली नव्हती. तिनं बाहेर पाहिलं आणि ती म्याव म्हणाली. एकदाच, फाटका, न वापरलेला आवाज. आम्ही ऐकलेला तिचा पहिला.

मी चमत्कार सांगत नाही. तिची ताटलीची वेळ होती. त्या वेळी दाराच्या पलीकडून शेरूची ताटली वाजायची सवय तिला लागली होती, आणि कित्येक दिवस ती वाजली नव्हती. तेवढंच असेल. पण शेरूची नजर कुंपणावरून सुटली आणि तिच्यावर आली. कान हलला. मग तो निघाला, पळत नाही, म्हाताऱ्या माणसासारखा चालत, अंगण ओलांडून, पायरीवरून, राणीच्या पायरीवरून, उंबऱ्यात. भुरीनं थोडं सरकून त्याला वाट दिली. तो तिच्या अंगाला अंग लावून आत गेला. मग ती गेली. मग मी कडी लावली आणि दाराला पाठ टेकवून खाली बसले. दारापलीकडे वास बराच वेळ होता.

सकाळी पाहिलं तर अंगणात राहिलेल्या फुलांवर पावलं उमटली होती. प्रत्येक ठशाखाली फुलं चपटी झालेली, त्यातून रस निघालेला. ती कुंपणापासून पायरीपर्यंत आली होती, थांबली होती, आणि वळली होती. प्रभाकरनं ती फुलं गोळा करून जाळली. आत बारदान्यावर शेरू पसरला होता. उरलेल्या कडेला भुरी होती, त्याच्या पोटाला पाठ लावून.

ते दोघं पुढे तसेच झोपले. मोह आले, गेले. भुरीनं उंदीर संपवले, कोंबड्यांनी तिला शिव्या देणं सोडलं नाही, आणि सगुणाबाईच्या माशांना तिनं आजवर तोंड लावलेलं नाही. जाळं तिच्या पक्कं लक्षात आहे. माणसाशी ती अजून बोलत नाही. तो एक फाटका म्याव फक्त शेरूसाठी, फक्त दिवेलागणीला, उंबऱ्यावर उभं राहून. तो ऐकला की शेरू सांदवाडीतून उठायचा. शेवटी शेवटी त्याला नीट ऐकू येत नसे, दिसत नसे, तरी उठायचा.

ह्या थंडीत शेरू गेला. बिबट्यानं नाही नेला. म्हातारपणानं, आपल्या बारदान्यावर, घरात गेला. मला रडू आलं, पण त्या रडण्यात एक समाधान होतं, आणि ते मी कोणापासून लपवत नाही.

बारदाना मी धुवायला काढला तर भुरी त्यावर बसून राहिली. राहू दिला. ती अजून त्याच्या कडेलाच झोपते, अंग चोरून. मधली सगळी जागा मोकळी असते. सकाळी मी तिथे हात ठेवते कधी कधी. कोमट लागतो बारदाना. मांजराचं अंग गरमच असतं.

काल दिवेलागणीला मी फुलं आत घेतली आणि दार ओढायला गेले. भुरी उंबऱ्यावर येऊन उभी राहिली, बाहेर पाहिलं, आणि म्याव म्हणाली. सांदवाडीत कोणी नव्हतं. मोहाचा गोड वास होता, दुसरा कुठलाही नव्हता. मी नीट हुंगून पाहिलं. मग ती थोडी सरकली, नेहमीसारखी, कुणाला तरी वाट देऊन. तिच्या एका बाजूचे केस दबल्यासारखे झाले. वारा असेल.

मी दार लावलं नाही. एका म्हाताऱ्या कुत्र्याला उंबऱ्यापासून कणगीपर्यंत जायला जेवढा वेळ लागतो, तेवढी थांबले.

"आला काय?" स्वयंपाकघरातून प्रभाकरनं विचारलं. नेहमीच्या आवाजात, विचारायचं म्हणून नाही.

"आला," मी म्हणाले, आणि कडी लावली.